विंड, वाइंड आणि आपलं वारं

राजारामपुरी_आठवी_गल्ली

गेल्या आठवड्यात संध्याकाळची बॅच चालू होती. वळवाचं वारं सुटलं, लाईट गेली आणि आमच्या माडीवरच्या खिडकीची दारं दाणदाण आपटायला लागली. एक मुलगा खिटी लावता लावता म्हणाला, "मॅडम, विंडोमध्ये विंड आहे की!" तेवढ्यात उद्यमनगरातली एक मुलगी म्हणाली, "आमच्या दुकानाच्या पाटीवर 'मोटार रिवाइंडिंग' लिहिलंय. त्यातपण विंडचंच स्पेलिंग आहे. मग तिथं वारा कुठनं आला?"

मेणबत्तीच्या उजेडात जमेल तेवढं सांगितलं. पोरं गेल्यावर मात्र वाटलं, हे दोन्ही प्रश्न फार चांगले आहेत आणि नीट मांडायला हवेत.

आधी उद्यमनगरचा प्रश्न. इंग्रजीत 'विंड' आणि 'वाइंड' हे दोन वेगळ्या घरचे शब्द आहेत, स्पेलिंग तेवढं एक. वाऱ्याचा 'विंड' आपल्या 'वात' शब्दाचा सख्खा नातेवाईक. संस्कृतातला 'वा' म्हणजे वाहणे हा धातू, त्यातून 'वात' आणि 'वायू'. लॅटिनमध्ये त्याच मुळाचा 'व्हेंटस', त्यावरून 'व्हेंटिलेटर'. 'वाइंड' म्हणजे वळणे, गुंडाळणे, पिळणे. घड्याळाला चावी देणे म्हणजे वाइंड करणे, आणि मोटारीच्या खाचांत तांब्याची तार गुंडाळणे म्हणजे वाइंडिंग. त्याचा वाऱ्याशी काही संबंध नाही. विहिरीतून किंवा जहाजावर दोर ओढायचा रहाट असतो, त्याला इंग्रजीत 'विंडलस' म्हणतात. ऐकायला वाऱ्याचा वाटतो, पण तोही गुंडाळण्याच्याच घरचा.

'वाइंड'चा भूतकाळ 'वाऊंड'. त्याच स्पेलिंगचा, जखम या अर्थाचा शब्द मात्र 'वूंड'. मी फळ्यावर लिहिते: द नर्स वाऊंड द बँडेज राऊंड द वूंड. हे वाक्य इंग्रजी लिपीत लिहिलं की तिसरा आणि शेवटचा शब्द हुबेहूब एक दिसतो. गंमत म्हणजे वाऱ्याचा 'विंड'सुद्धा पूर्वी 'वाइंड' असाच उच्चारत. जुन्या इंग्रजी कवितांमध्ये त्याचं यमक 'काइंड'शी, 'माइंड'शी जुळवलेलं सापडतं. मुलं तो चुकून 'वाइंड' वाचतात तेव्हा मी रागावत नाही. दोनतीनशे वर्षांपूर्वी ती बरोबर ठरली असती.

आता खिडकी. 'विंडो' हा शब्द इंग्रजांनी उत्तरेकडच्या नॉर्स लोकांकडून घेतला. मूळ शब्द 'विंडआउगा', म्हणजे वाऱ्याचा डोळा. तेव्हा खिडकीला काच नव्हती. भिंतीला भोक, त्यातून वारा आत आणि नजर बाहेर. आणि आपल्याकडे? संस्कृतात खिडकीला दोन शब्द आहेत. एक 'वातायन', वाऱ्याची वाट. दुसरा 'गवाक्ष', गाईचा डोळा. त्यांच्या एका शब्दात जो वारा आणि जो डोळा एकत्र आला, तो आपल्याकडे दोन शब्दांत वाटला गेलाय. हे वर्गात सांगितलं तेव्हा मुलं गप्प झाली आणि एकीनं उठून खिडकी परत उघडली.

मला खरी खंत वेगळीच आहे. कोशात 'विंड = वारा' एवढं पाहून मुलं थांबतात आणि मग 'बिग विंड इज कमिंग' असं लिहितात. वारा 'बिग' नसतो, 'स्ट्राँग' असतो किंवा 'हाय' असतो. पाऊस 'हेवी' असतो. वारा 'येतो' असंही ते सहसा म्हणत नाहीत. इट इज विंडी. द विंड हॅज पिक्ड अप, म्हणजे वारं वाढलं. द विंड हॅज ड्रॉप्ड, म्हणजे वारं पडलं. हे शेवटचं तर शब्दाला शब्द आपलंच आहे.

तुमच्या कामात, गावात, घरात असे वाऱ्याचे शब्द येत असतील तर इथं लिहा. मला ते वर्गात वापरायचे आहेत.

---

कांडीवाला

ताई, इचलकरंजीहून लिहितोय. आमच्याकडं 'वाइंडिंग' शब्द पोर बोलायला लागल्यापास्नं कानावर असतो. वाइंडिंग, वार्पिंग, सायझिंग हीच आमची बाराखडी. मोठ्या कोनावरचं सूत कांडीवर भरायचं त्याला पर्न वाइंडिंग म्हणतात, आणि ते काम जिथं चालतं तिथं बायका बसलेल्या असतात, समोर कांड्या गरागरा फिरत असतात. माझ्या आईनं बावीस वर्षं ते काम केलं. तिला इंग्रजी एक अक्षर येत नव्हतं, पण "आज वाइंडिंगला जायाचं हाय" असं ती रोज म्हणायची आणि उच्चार अगदी तुम्ही सांगता तसाच, 'वाइंडिंग'. 'विंडिंग' कधीच म्हणाली नाही.

म्हणजे शब्द हातातनं आला की उच्चार चुकत नाही, स्पेलिंगमधनं आला की चुकतो. असं मला वाटतं.

आणखी एक. कंपनी बंद करायची असली की वकील लोक 'वाइंडिंग अप' म्हणतात. आपण काय म्हणतो? "गाशा गुंडाळला." एकच की!

---

राजारामपुरी_आठवी_गल्ली

कांडीवाला, तुमच्या आईंचं उदाहरण उद्याच वर्गात सांगणार आहे. 'वाइंड अप' आणि 'गाशा गुंडाळणे' ही जोडी मला सुचली नव्हती.

---

खळ्यावरचा

कागल तालुका. माझं इंग्रजी बारावीपुरतं, पण एक शब्द मला कॉलेजात असताना भेटला आणि अजून डोक्यातनं गेलेला नाही. 'विनो'. धान्य उफणणे. सरांनी सांगितलं होतं की हा शब्द 'विंड'पासूनच झालाय. जुन्या इंग्रजीत त्याच्यात 'ड'सुद्धा होता, नंतर तो झिजला.

आमच्याकडं उफणण्याला 'वारं देणं' म्हणतात. "जोंधळ्याला वारं दिलं का?" असं विचारायचं. म्हणजे तिकडच्या शेतकऱ्यानं आणि इकडच्या शेतकऱ्यानं एकाच कामाला वाऱ्याचंच नाव दिलं, एकमेकाला न विचारता.

ज्यांनी बघितलं नसेल त्यांच्यासाठी सांगतो. मळणी झाली की खळ्यावर दाणा आणि भूस एकत्र असायचं. आजा उंच तिवईवर उभा राहायचा, आम्ही खालनं पाटी भरून वर द्यायचो. पाटी लगेच पालथी नाही करायची. वारं अंगावर घ्यायचं, थांबायचं. वारं एकसारखं लागलं की पाटी डोक्याच्या वर धरून हळूहळू हलवत धार सोडायची. दाणा सरळ पायाशी पडतो, भूस चार हात लांब जाऊन पडतं, आणि मधी एक पट्टा पडतो जिथं हलका दाणा आणि जड काडी असती. तो पट्टा वेगळा गोळा करून आजी सुपानं पाखडायची. वारं पडलं की सगळं काम थांबायचं. आजा तिवईवरच बसून राहायचा आणि पानाचं देठ तोडून हवेत सोडून बघायचा. एकदा तर दुपारपास्नं रात्री दहापर्यंत वारं नाही. आम्ही खळ्यावरच झोपलो. पहाटे तीनला आजानं उठवलं, "उठा, वारं सुटलंय," आणि चांदण्यात उजाडेपर्यंत सगळी रास काढली.

आता मळणी यंत्रात पंखा असतो. पोरांना 'वारं देणं' सांगितलं की कळत नाही.

---

राजारामपुरी_आठवी_गल्ली

खळ्यावरचा, हे वाचून अंगावर काटा आला. तुम्ही शेवटी पंखा म्हणालात म्हणून सांगते. इंग्रजी 'फॅन' हा शब्द लॅटिन 'व्हान्नस'वरून आला, आणि व्हान्नस म्हणजे धान्य पाखडायचं सूप! आधी सूप, मग सुपासारखं हलवून वारा घालायचं काहीही, मग विजेचा पंखा. म्हणजे तुमच्या आजीच्या हातातलं सूप आणि मळणी यंत्रातला पंखा हे इंग्रजीत एकाच शब्दाचे दोन जन्म आहेत.

---

घाटमाथा

भूगोल शिकवतो म्हणून दोन शब्दांबद्दल लिहिणं भाग आहे.

पहिला 'ट्रेड विंड्स'. आपण पिढ्यान्‌पिढ्या 'व्यापारी वारे' म्हणून शिकवतो. मुलं विचारतात, वाऱ्याचा आणि व्यापाराचा काय संबंध? आपण सांगतो, त्या वाऱ्यांवर व्यापारी जहाजं चालत. जहाजं चालत हे खरं. पण 'ट्रेड' या शब्दाचा जुना अर्थ होता वाट, ठरलेला मार्ग. वारा एकाच वाटेनं सतत वाहत राहिला की खलाशी म्हणत, वारा 'ट्रेड' वाहतोय. व्यापार हा अर्थ त्या शब्दाला नंतर चिकटला. म्हणजे आपलं 'व्यापारी वारे' हे भाषांतर नंतरच्या अर्थावर बेतलेलं आहे. मी आता वर्गात 'पूर्वीय वारे' हाच शब्द धरतो, कारण ते पूर्वेकडून येतात आणि त्यात गोंधळ नाही.

दुसरी जोडी 'विंडवर्ड' आणि 'लीवर्ड'. पुस्तकात 'वातसन्मुख' आणि 'वातविमुख'. शब्द जड आहेत, पण कोल्हापूरच्या पोराला ते पाठ करायची गरज नाही, एसटीत बसवावं. कोल्हापुरातनं पश्चिमेला 55 किलोमीटरवर गगनबावडा. जुलैत तिथं आठ-आठ दिवस सूर्य दिसत नाही, घराच्या भिंतींना झावळ्यांची झडप बांधावी लागते. त्याच दिवशी पूर्वेला शिरोळला जा, रस्त्यावर धूळ उडत असते. जिल्हा एक, ढग तेच, पण समुद्रावरून आलेला वारा सह्याद्रीवर चढताना थंड होतो आणि पाणी तिथंच टाकतो. पलीकडं उतरताना तो कोरडा झालेला असतो. जिल्ह्यात सगळ्यात जास्त पाऊस गगनबावड्याला आणि सगळ्यात कमी शिरोळला, हे सन्मुख-विमुखचं उत्तर आहे. जाता जाता: जुने खलाशी 'लीवर्ड'चा उच्चार 'लूअर्ड' करतात.

'मान्सून' मात्र मुळात वाऱ्याचा शब्द नाही. अरबी 'मौसिम', म्हणजे ठरलेला हंगाम. तो पोर्तुगीजांकडून इंग्रजीत गेला. आपला 'मोसम' तोच.

---

साधा_वाचक

वाचायला छान वाटतंय, पण एक गोष्ट मान्य करायला हवी. इंग्रजीत ब्रीझ, गस्ट, ड्राफ्ट, गेल, स्क्वॉल, स्टॉर्म, टायफून, हरिकेन, टॉर्नेडो, किती शब्द! आपल्याकडे वारा आणि वादळ. फार तर झुळूक. आपली भाषा या बाबतीत कमी पडते हे प्रामाणिकपणे म्हणायला हवं.

---

मतलई

साधा_वाचक, हे मला पटत नाही आणि मी ते मनापासून सांगतेय. माझं माहेर मालवणकडचं, सासर कोल्हापूर. माझं टोपणनाव बघा. मतलई वारा म्हणजे रात्री जमीन गार झाली की जमिनीवरून समुद्राकडं सुटणारा वारा. खारा वारा म्हणजे दिवसा समुद्राकडून जमिनीकडं येणारा. शिडाच्या होड्या होत्या तेव्हा पहाटे मतलईवर बाहेर जायचं आणि दुपारी खाऱ्या वाऱ्यावर घरी यायचं. बाबांचा सगळा दिवस या दोन शब्दांवर चालायचा. इंग्रजीत याला 'लँड ब्रीझ' आणि 'सी ब्रीझ' म्हणतात, दोन-दोन शब्द जोडून. आपल्याकडं 'मतलई' हा एकच शब्द पुरतो.

आणि इकडं घाटावर? झुळूक, झोत, झोंबरं वारं, बोचरं वारं, भणाण वारं, सोसाटा, वावटळ, झंझावात, तुफान. नुसतं 'वारं सुटलं' आणि 'वारं उठलं' यातही फरक आहे. शब्द आहेत, आपण ते वापरायचे थांबलोय.

शिवाय तुम्ही दिलेल्या यादीतले किती शब्द इंग्रजीचे स्वतःचे आहेत ते बघा. 'हरिकेन' कॅरिबियन बेटांवरच्या मूळ रहिवाशांचा, स्पॅनिशमधून आलेला. 'टॉर्नेडो' स्पॅनिश. 'ब्रीझ' स्पॅनिश-पोर्तुगीज. 'टायफून'मध्ये अरबी 'तूफान' आहे, ग्रीक आणि चिनीही मिसळलंय. ज्या समुद्रात गेले तिथला वारा आणि तिथला शब्द दोन्ही घेऊन आले. तेच त्यांचं बळ.

---

राजारामपुरी_आठवी_गल्ली

मतलई ताई, धन्यवाद. साधा_वाचक, तुमच्या मुद्द्यात एक खरी गोष्ट आहे: इंग्रजीत या शब्दांना मापं ठरवून दिलेली आहेत. 1805 मध्ये ब्रिटिश नौदलातल्या फ्रान्सिस ब्यूफर्टनं वाऱ्याची 0 ते 12 अशी श्रेणी केली. वेग मोजायचं यंत्र हातात नव्हतं, म्हणून जहाजाला किती शीड पेलेल यावरून त्यानं पायऱ्या ठरवल्या. पुढं जमिनीवरच्या खुणा आल्या आणि किलोमीटरही आले.

यात मुलांची हमखास चूक होते ती 'ब्रीझ'मध्ये. आपण समजतो ब्रीझ म्हणजे मंद झुळूक. पण त्या श्रेणीत दुसऱ्या पायरीपासून सहाव्या पायरीपर्यंत सगळं ब्रीझच आहे. दुसरी पायरी 'लाइट ब्रीझ', ताशी 6 ते 11 किलोमीटर, गालाला वारा लागतो, पानं सळसळतात. ती आपली झुळूक. सहावी पायरी 'स्ट्राँग ब्रीझ', ताशी 39 ते 49 किलोमीटर. त्याची खूण काय लिहिलीय? छत्री सांभाळणं अवघड जातं. जूनमध्ये रंकाळ्याच्या कट्ट्यावर छत्री उलटी होते ना, तेव्हा इंग्रज अजून 'ब्रीझ'च म्हणतोय. 'गेल' त्याच्या पुढं, ताशी 62 पासून, जेव्हा झाडाच्या डहाळ्या मोडतात. आणि बाराव्या पायरीला, ताशी 118 च्या पुढं, 'हरिकेन'.

आपलं हवामान खातंसुद्धा ताशी 62 किलोमीटरपासूनच 'चक्रीवादळ' म्हणतं. बातमीत 'वादळी वारे ताशी 40 ते 50' वाचलं की मी मुलांना विचारते, हे ब्यूफर्टच्या कुठल्या पायरीवर बसतं?

---

दूरदेशी_परिचारिका

मूळची गडहिंग्लजची. नऊ वर्षं झाली, इंग्लंडमध्ये एका रुग्णालयात नर्स आहे. हा धागा मला मैत्रिणीनं पाठवला. यातला एक अर्थ अजून कुणी लिहिला नाही, आणि तो माहीत नसला तर माणसाला त्रास होतो.

माझ्या पहिल्याच महिन्यात रात्रपाळीला एक आजोबा म्हणाले, "आय हॅव गॉट टेरिबल विंड." मी उठून त्यांच्या मागची खिडकी बंद केली. ते परत तेच म्हणाले. मी अजून एक ब्लँकेट दिलं. त्यांच्या पोटात गॅस धरला होता. ब्रिटिश बोलण्यात पोटातल्या गॅसला साधा 'विंड' म्हणतात. अडकून दुखत असला की 'ट्रॅप्ड विंड'. त्यांना दहा मिनिटं उगाच कळ सोसावी लागली, ते मी विसरलेली नाही.

लहान बाळांच्या वॉर्डात विचारतात, "हॅव यू विंडेड हिम?" उच्चार 'विंडेड'च. म्हणजे दूध पाजून झाल्यावर पाठीवर थोपटून ढेकर काढला का? नव्यानं येणाऱ्या मुलींना मी हे पहिल्याच दिवशी सांगते.

उलट बाजूही सांगते. इथंच एक मराठी आजी आल्या होत्या. म्हणाल्या, "वाताचा त्रास आहे." नातवानं घाईत सांगून टाकलं, "शी हॅज विंड." डॉक्टर त्यांचं पोट तपासत राहिले आणि आजी गुडघ्याकडं बोट दाखवत राहिल्या. आपला 'वात' सांध्यात असतो, त्यांचा 'विंड' पोटात. शब्द एका मुळाचे असले तरी दुखणं वेगळं. अशा वेळी 'पेन इन द जॉइंट्स' एवढंच म्हणावं. वात हा शब्द दुसऱ्या भाषेत नेऊच नये.

---

लाल_माती

परिचारिका ताईंच्या 'विंडेड'वरून आठवलं. तालमीत पोरगं पाठीवर आदळलं किंवा पोटात गुडघा बसला की श्वासच येत नाही, तोंड उघडं राहतं. तेही 'विंडेड'. आपण म्हणतो दम कोंडला. आणि शेवटच्या मिनिटाला हरत आलेला गडी एकदम ताजा होऊन लढायला लागतो त्याला 'सेकंड विंड'. आमचे वस्ताद म्हणायचे, "पहिला दम खुराकाचा, दुसरा मेहनतीचा." इथं विंड म्हणजे वारा नाही, दम. शीळ घातल्यासारखा छातीतनं येणारा.

---

बातमीदार_नव्हे_भाषांतरकार

रोज इंग्रजी बातम्या मराठीत करतो. वाऱ्याच्या शब्दांनी माझे कित्येक तास घेतले आहेत.

'गेट विंड ऑफ'. एकदा एका नवशिक्यानं 'पोलिसांना वारा मिळाला' असं लिहिलं होतं. अर्थ, कुणकुण लागली. शिकारीतून आलेला प्रयोग आहे हा: वाऱ्यावरून जनावराला माणसाचा वास लागतो. दाजीपूरच्या जंगलात गवे बघायला गेलात तर वाटाड्या आधी वाऱ्याची दिशा बघतो. वारं तुमच्याकडून गव्याकडं असेल तर तो कळप तुम्हाला दिसायच्या आधीच उठून जातो. आपल्याकडंही 'वास लागला' हाच शब्द आहे, म्हणून भाषांतर 'वास लागला' किंवा 'सुगावा लागला' असंच करतो.

'थ्री शीट्स टू द विंड' म्हणजे झिंगलेला. इथं 'शीट' म्हणजे चादर नाही आणि शीडही नाही. शीड ताणून धरणाऱ्या दोराला खलाशी 'शीट' म्हणतात. तीन दोर सुटले की शीड फडफडतं आणि होडी झोकांड्या खाते.

'विंडफॉल'. वाऱ्यानं पडलेलं फळ, त्यावरून न कमावता पदरात पडलेला लाभ. 1 जुलै 2022 पासून केंद्र सरकारनं देशात निघणाऱ्या कच्च्या तेलावर 'विंडफॉल टॅक्स' लावला आणि डिसेंबर 2024 मध्ये काढून घेतला. त्या अडीच वर्षांत हा शब्द मी 'अनपेक्षित नफ्यावरचा कर' असाच लिहिला. पण मला कायम वाटत राहिलं की यात काहीतरी हरवतंय. वळवाच्या वाऱ्यानं आंबे पडले की बागवाल्याच्या पोटात गोळा येतो. त्याच्यासाठी तो लाभ नाही, नुकसान आहे. आनंद कुणाला? रस्त्यानं जाणाऱ्या पोरांना. इंग्रजीनं वेचणाऱ्याच्या बाजूनं शब्द केलाय. आपण बागवाल्याच्या बाजूनं बोलतो: "पडीचा आंबा", आणि त्याला भाव नसतो.

---

उजळाईवाडी_रोड

भाषांतरकार, 'हेडविंड' आणि 'टेलविंड'चं काय करता? अर्थविषयक बातमीत हेडविंड म्हणजे अडचण, टेलविंड म्हणजे अनुकूलता. मी विमानतळाजवळ राहतो, तिथं काम केलंय. धावपट्टीच्या कडेला नारिंगी-पांढरी कापडी पिशवी असते, विंडसॉक, ती वाऱ्यानं फुगून दिशा दाखवते. वैमानिक उतरताना आणि उडताना विमान मुद्दाम वाऱ्याच्या तोंडावर घेतो. समोरून वारा असला की कमी वेगातही पंखांना उचल मिळते, धावपट्टी कमी लागते. पाठीमागून वारा असला तर तो त्याला नको असतो. वर उंचीवर गेल्यावर मात्र पाठीमागचा वारा हवाच, इंधन वाचतं. म्हणजे एकच वारा जमिनीलगत मदत करतो आणि वर अडवतो. बातमीवाले फक्त वरचा अर्थ घेतात.

---

बातमीदार_नव्हे_भाषांतरकार

'प्रतिकूल वारे' लिहायचो. आता 'अडचणी' असंच लिहितो. खळ्यावरचा यांची गोष्ट वाचल्यावर तर नक्कीच. अंगावर वारं घेतल्याशिवाय धान्यसुद्धा निवडता येत नाही म्हणतात ते.

---

वातायन

संस्कृतचा विद्यार्थी आहे, दोन-तीन गोष्टी जोडतो.

'सायक्लोन' हा शब्द आपल्याच देशात घडला. कलकत्त्यात हेन्री पिडिंग्टन नावाचा ब्रिटिश अधिकारी बंगालच्या उपसागरातल्या वादळांचा अभ्यास करत होता. 1848 मध्ये त्यानं खलाशांसाठी वादळांवर पुस्तक काढलं, त्यात हा शब्द रुजवला. ग्रीक 'किक्लोस'वरून, म्हणजे वर्तुळ, सापाचं वेटोळं. आणि 'किक्लोस' हा संस्कृत 'चक्र'चा सख्खा भाऊ. आपण 'चक्रीवादळ' म्हणतो तेव्हा ते भाषांतर वाटतं, प्रत्यक्षात तोच शब्द दुसऱ्या वाटेनं घरी आलेला असतो.

वाऱ्याचा वेग मोजायचं यंत्र 'ॲनेमोमीटर'. त्यातला ग्रीक 'आनेमोस', वारा, आणि आपला 'अनिल' एकाच मुळाचे: 'अन्' म्हणजे श्वास घेणे. 'प्राण'मध्येही तोच धातू.

आणि 'निर्वाण'. 'वा' म्हणजे वाहणे, त्यावरून निर्वाण म्हणजे फुंकर बसून विझलेला दिवा. आता हा शब्द इंग्रजीतही आहे. वर ताईंनी 'विंड' आणि 'वात' यांचं नातं सांगितलं, त्याच घरातला हा तिसरा.

---

चाळकेवाडीचा_पाहुणा

छोटी भर. साताऱ्याजवळ चाळकेवाडीच्या पठारावर ज्या पवनचक्क्या दिसतात त्यांना इंजिनिअर 'विंड टर्बाइन' म्हणतात, 'विंडमिल' म्हटलं की दुरुस्त करतात. मिल म्हणजे दळण. तिथं काही दळलं जात नाही. पण आपणही 'चक्की'च म्हणतो आणि म्हणत राहू.

---

उद्यमनगर_पोरगी

मॅडम, मी तीच, रिवाइंडिंगच्या दुकानातली. काल रात्री पप्पांना हा सगळा धागा वाचून दाखवला. कांडीवाला काकांच्या आईचं वाचलं तेव्हा पप्पा म्हणाले, परत वाच.

आज दुकानात एक जुना सिलिंग फॅन आलाय, कॉइल जळालेली. पप्पा जुनी तार ओढून काढत होते, काळी पडलेली, वार्निशचा जळका वास. मी त्यांना सांगितलं की फॅन म्हणजे आधी सूप होतं. ते थांबले. म्हणाले, आमच्या आईचं सूप अजून गावाकडं दाराच्या मागं टांगलेलं आहे, सुट्टीत आणूया.

मी एक वाक्य केलंय, दोन्ही शब्द घालून. "द फॅन इज नॉट गिव्हिंग विंड बिकॉज द वाइंडिंग इज बर्न्ट." बरोबर आहे का?

---

राजारामपुरी_आठवी_गल्ली

'वाइंडिंग इज बर्न्ट' बरोबर. पहिल्या भागात थोडं बदल. पंखा 'विंड' देत नाही, तो 'एअर' फेकतो. 'द फॅन इज नॉट ब्लोइंग एनी एअर' असं लिही. आणि सूप आणलंस की सोमवारी वर्गात घेऊन ये.